हळदीच्या गोदामातला संघ

मध्यंतरी एका गुळगुळीत कागदावरच्या पुस्तिकेत आमच्या संघाचा इतिहास छापून आला. बायकांच्या बास्केटबॉलची जी व्यावसायिक लीग काही वर्षं चालली, तिच्यातल्या प्रत्येक संघाला अर्धं अर्धं पान दिलेलं होतं. आमच्याबद्दल लिहिलं होतं की हा संघ सुरुवातीला 'ग्रामीण भागात' होता, शहरात गेल्यावर त्याला खरं व्यावसायिक रूप आलं, आणि लीग बंद पडली तसा तोही बंद झाला.

मी ते वाचलं, पुस्तिका पिशवीत कोंबली आणि सरावाला गेले. बंद पडलेल्या त्याच संघाच्या सरावाला.

दुसऱ्या दिवशी मनात आलं, हे असंच सोडलं तर उद्या आमच्याच पोरी हे खरं मानतील. म्हणून लिहायला बसले. मी लेखिका नाही. बोर्डाखाली उभं राहून चुकलेला चेंडू परत पकडायचा, एवढंच काम मी आयुष्यभर केलं आहे. पण जे झालं ते माझ्यासमोर झालं.

मी माण तालुक्यातली. म्हसवडच्या पलीकडे आमची वस्ती, घर मेंढपाळाचं. आबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पाऊस पडायच्या बेताला परत यायचे. मला शिकायला वडूजला आत्याकडे ठेवलं होतं. शाळेच्या मागं दोन लोखंडी खांब होते. एकावर रिंग होती, दुसऱ्यावरची कुणीतरी काढून नेली होती. मी वर्गात सगळ्यात उंच, त्यामुळे मला बाकावर मागं बसवायचे आणि मैदानात पुढं उभं करायचे. बास्केटबॉलला दोन बाजूंना दोन रिंगा असतात हे मला आधी फक्त चित्रातून माहीत होतं. साताऱ्याला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्यांदा पूर्ण मैदान पाहिलं आणि धावता धावता धाप लागली. एवढं लांब असतं होय, असं झालं.

लीग सुरू झाली तेव्हा फलटणकडच्या एका बागायतदाराने आमचा संघ घेतला. उसाचं रान, दुधाची वाहतूक, चार गाड्या पुढं आणि चार मागं असला माणूस. पुरुषांचा संघ घ्यायचा त्याचा विचार होता, तो जमला नाही, म्हणून बायकांचा घेतला. हे तो स्वतःच हसत हसत सांगायचा. आम्ही त्याला मालक म्हणायचो. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "आपल्या भागातल्या पोरी पायजेत मला. बाहेरच्या नकोत." ते वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं.

सातारा आणि सांगली, या दोन जिल्ह्यांतून त्याने बारा जणी निवडल्या. मैदान काही नव्हतं. मग सांगलीत एका व्यापाऱ्याचं हळदीचं जुनं गोदाम भाड्याने घेतलं. उंच पत्र्याचं छत, खाली फरशी, तिच्यावर रबरी चटया. गोदाम धुऊन काढलं होतं, पण हळद अशी जाते काय? भिंतीच्या फटीत, पत्र्याच्या पन्हळींत, दाराच्या बिजागरीत ती होतीच. चेंडू भिंतीवर आपटला की पिवळा भुगा उडायचा. पहिल्या आठवड्यात आमचे पांढरे बूट पिवळे झाले, मग मोजे, मग तळहात. घामाने ते रंग आणखी धरायचे. सामन्याला बाहेरगावी जायचो तेव्हा आमचे हात बघून समोरच्या पोरी हसायच्या.

एका मोठ्या शहरात सामन्याआधी हात मिळवताना त्यांच्यातली एक म्हणाली, "हळद लागली वाटतं? नवरदेव कुठाय?"

आमची कप्तान पुढेच होती. तिने त्या मुलीचा हात सोडला नाही. म्हणाली, "व्हय, लागली. आता तुमच्याच घरात नांदाया आलोय."

त्या दिवशी आम्ही वाईट हरलो. पण परतीच्या बसमध्ये ते वाक्य आम्ही इतक्या वेळा म्हटलं, की ड्रायव्हरसुद्धा म्हणायला लागला.

कप्तान कृष्णाकाठच्या एका गावची. तिथं घरटी एक माणूस फौजेत. तिचे वडील हवालदार म्हणून निवृत्त झालेले, भाऊ सीमेवर. तीही तशीच होती, ताठ मानेची आणि मोजकं बोलणारी. आमच्यात वयाने मोठी, म्हणून आम्ही सगळ्या तिला ताई म्हणायचो. पहिल्या मोसमात आम्ही जवळजवळ सगळे सामने हरलो. ती कधी ओरडली नाही. हरल्यावर सगळ्यांना रिंगणात बसवायची आणि प्रत्येकीला विचारायची, "आज तुला काय जमलं?" चुकलं काय हे विचारायचीच नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "काहीच जमलं न्हाई ताई." तर म्हणाली, "खोटं बोलू नगंस. ती ढांगुळी पोरगी तुज्या अंगावरनं एकदाबी गेली न्हाई. मी बघत होते."

दुसऱ्या मोसमात आम्ही उपान्त्य फेरीला पोचलो. हे त्या पुस्तिकेत नाही. हळदीच्या गोदामातल्या, एकीलाही धड इंग्रजी न येणाऱ्या पोरींनी दोन मोठ्या शहरांचे संघ घरी पाठवले होते. उपान्त्य सामन्यात ताई उडी मारून खाली आली ती वेडीवाकडी आली. गुडघ्यातून आवाज आला तो मी ऐकला. ती उठून उभी राहिली, फाउलबद्दल मिळालेले फ्री थ्रोचे दोन्ही चेंडू टाकले, दोन्ही आत गेले, आणि मगच खाली बसली. तो सामना आम्ही थोडक्यात हरलो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

ती अजून कुबडी घेऊन चालत होती, तेव्हा मालकाने सगळ्यांना गोदामात बोलावलं. त्याच्यासोबत शहरातून आलेला एक माणूस होता. आत येताना त्याने बूट बाहेर काढले. अदबीने काढले असं मला वाटलं. मग कळलं, हळद लागेल म्हणून काढले होते.

मालक म्हणाला, "आनंदाची बातमी हाय. संघ मोठा होतोय. पुढच्या मोसमापास्नं शहरात."

संघ विकला होता. नाव, गणवेश, लीगमधली जागा, सगळं. शहरातल्या माणसाने हातातल्या मोबाइलमध्ये बघून चार जणींची नावं वाचली. या चौघी नव्या संघात येतील, राहायची सोय होईल, बोलण्या-चालण्याचे वर्ग लावले जातील. चौघींत माझं नाव होतं. ताईचं नव्हतं.

"ताईंचं काय?" मी विचारलं.

"त्यांचा अनुभव मोठा आहे," तो म्हणाला. "कधी उद्घाटनाला वगैरे बोलवू आपण."

ताई खुर्चीत बसली होती, पाय लांब केलेला. तिने मान वळवून मालकाकडे पाहिलं. "मालक, आपल्या भागातल्या पोरी पायजेत म्हनला होता तुमी."

"आगं, भाग म्हंजे काय, महाराष्ट्रच की सगळा," मालक म्हणाला. त्याने डोळे दुसरीकडे फिरवले.

 मला जायचं होतं. हे कबूल करायला मला लाज नाही. तिथं लाकडी फरशीचं मैदान होतं, दोन्ही बाजूंना काचेचे बोर्ड. शाळेत एका रिंगवर शिकलेल्या मुलीला ते काय वाटलं असेल! मी चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि आबांकडे गेले.

आबांनी तेव्हा फलटणच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती. रानाला खत होतं, मेंढरांना चारा. मी गेले तेव्हा ते मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कडेला बसून एका मेंढीचा पाय बघत होते. काटा खोल गेला होता. मी सगळं सांगितलं. आबांनी माझा एकही सामना पाहिलेला नव्हता. ते काटा काढत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे चार निवडून न्हेनार?"

"व्हय."

"आन लंगडीला ठेवनार?"

"तिचं ऑपरेशन झालंय आबा."

"त्येच म्हनतोय मी. निवडून न्हेतो तो व्यापारी. त्येचं बरोबर हाय, त्येचा धंदा हाय त्यो." त्यांनी मेंढीला सोडलं. ती तीन पायांवर कळपात गेली. "तुला व्यापाऱ्याच्या गाडीत बसायचं आसंल तर बस बाय. मी न्हाई म्हनत न्हाई. पन मला इचाराया कशाला आलीस?"

मला राग आला. मी जेवलेसुद्धा नाही, तशीच स्टँडवर आले. सांगलीची गाडी येईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिले. तिथं बसल्या बसल्या मला कळलं की आपण त्यांना परवानगी मागायला गेलोच नव्हतो. त्यांनी आपल्याला 'जा' म्हणावं, म्हणजे दोष त्यांच्यावर जाईल, म्हणून गेलो होतो. गाडीत बसल्यावर मी शहरातल्या माणसाला फोन लावला आणि सांगितलं की मी येत नाही. तो म्हणाला, नीट विचार करा, अशी संधी परत येत नाही. मी म्हटलं, "तुम्हीपण विचार करा. सगळ्या जणी नेल्या तर मी येते." तो हसला. मी फोन ठेवला.

चौघींपैकी आम्ही तिघी राहिलो. एक गेली. तिच्या घरची परिस्थिती आम्हाला माहीत होती, तिला आम्ही स्टँडवर सोडायला गेलो आणि रडलो. तिच्याबद्दल कुणी वावगं बोललेलं मी आजही ऐकून घेत नाही.

आता संघ म्हणून काय उरलं होतं? अकरा जणी, त्यातली एक कुबडीवर. शहरातून फोन आला की संघाचं नाव वापरायचं नाही, गणवेशावर ते दिसता कामा नये. ताईने गणवेश गोळा केले, कात्रीच्या टोकाने एक एक टाका उसवून नावं काढली. पाठीवर जिथं अक्षरं होती तिथलं कापड तेवढं गडद राहिलं. लांबून बघणाऱ्याला नाव वाचताच यायचं. ताई म्हणाली, "टाकं काढाया सांगितलं हुतं, काढलं. आता कापडाला कोन सांगनार?"

गोदामाचं भाडं मालकाने थांबवलं होतं. आम्ही व्यापाऱ्याकडे चाव्या परत द्यायला गेलो. म्हातारा माणूस, मिरजेच्या पलीकडे सीमेवरच्या गावातला, बोलण्यात कानडी हेल. त्याने चाव्या बघितल्या, घेतल्या नाहीत. "हळद यायला अजून टाइम आहे की अक्का. तोवर रिकामंच पडतंय ते. खेळा. पोती आली की अर्धं तुमचं, अर्धं पोत्यांचं."

"आणि भाडं?" ताईने विचारलं.

"माझी नात येते की तुमच्याकडे. तिला शिकवा."

आणि झालंही तसंच. मोसमात गोदामात छतापर्यंत पोती लागायची आणि आम्ही उरलेल्या अर्ध्यात खेळायचो. मला त्याचं काही वाटलं नाही. मी अर्ध्या मैदानातच शिकलेली.

पण खेळायचं कुणाशी? लीगचं दार बंद. सरावाने पोट भरत नाही. तेव्हा ताईच्या वडिलांनी, त्या निवृत्त हवालदारांनी, एक साधी गोष्ट सांगितली. "पैलवान काय करत्यात? जत्रंत जात्यात, कुस्ती करत्यात, बिदागी घिऊन घरला येत्यात. त्यास्नी कुनी लीग काढून दिली व्हय? तुमी का जात न्हाई?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आणि त्याच रात्री जत्रांची यादी करायला बसलो.

पहिली जत्रा म्हसवडची धरली. सिद्धनाथाच्या रथाला सगळा मुलूख लोटतो, आमचे मेंढपाळ कुठं कुठं गेलेले असतात तिथून येतात. हवालदारांनी सुट्टीवर आलेल्या जवानांचा संघ जमवला. त्यातले तिघे पलटणीच्या संघातून खेळलेले. जत्रेत कुस्त्या ठरवणाऱ्या पंचांकडे आम्ही गेलो. सात-आठ जण सतरंजीवर बसलेले. त्यांतले बरेच जण हो म्हणत होते, पण एक अण्णा होते, पांढऱ्याशुभ्र मिशांचे, ते ऐकेनात.

"देवाच्या जत्रंत बायकांनी आखूड चड्ड्या घालून हुंदडायचं? आमाला न्हाई पटत."

 ताई कुबडी टेकून उभी होती. म्हणाली, "आवं अण्णा, पैलवान लंगोटावर उतरत्यात. तवा तुमी पयल्या रांगेत बसता न्हवं? का तोंड फिरवून बसता?"

 मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी सतरंजी हसायला लागली. अण्णा हसले नाहीत. उठून गेले. पण मैदान मिळालं.

खांब आम्ही टेम्पोतून नेले होते. ते रोवताना पोरांची गर्दी, बायकांची गर्दी, डोक्यावर पिवळे फेटे आणि अंगावर भंडारा उधळलेले धनगर. आमच्या हातापायांचा रंग तिथं कुणाला वेगळा वाटलाच नाही. गर्दीत पुढं आबा बसले होते. खांद्यावर घोंगडं. मी त्यांना बोलावलं नव्हतं. ते देवाला आले होते आणि तिथं येऊन बसले होते.

सामना सुरू झाला. जवान सुरुवातीला हळू खेळले, बायका आहेत म्हणून. मी त्यांच्या सगळ्यात उंच माणसाच्या हातातला चेंडू काढून घेतला, तेव्हा तो हसला. दुसऱ्यांदा काढला तेव्हा हसला नाही. त्यानंतर खरा खेळ झाला. कोपर लागलं, गुडघे फुटले, धूळ तोंडात गेली. लोकांना नियम कळत नव्हते, पण चेंडू आत गेला की काय झालं हे कळत होतं. बायका शिट्ट्या मारत होत्या. अर्धा खेळ झाला तेव्हा चेंडू उडून कडेच्या बाभळीत गेला आणि फुस्स करून बसला. दुसरा चेंडू आम्ही आणलाच नव्हता. एक जवान मोटारसायकलवर शाळेत गेला. तो येईपर्यंत लोक उठून जातील असं मला वाटलं. कुणी उठलं नाही.

आम्ही हरलो. थोडक्यात नाही, चांगल्याच हरलो. शेवटी शेवटी आमच्या पायात काही उरलं नव्हतं. तरी लोकांनी फेटे बांधले ते दोन्ही संघांना. मी आबांजवळ गेले. वाटलं, आता काहीतरी बोलतील.

ते रिंगकडे बघत होते. म्हणाले, "ती कडी येवढी उंच कशाला लावली? जरा खाली घेतली तर समद्यास्नी जमंल की."

"म्हणूनच उंच लावलीय आबा."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "तुजा हात पोचतो मातर," आणि घोंगडं सावरून दर्शनाच्या रांगेला निघून गेले.

त्या उंच जवानाने जाताना ताईला विचारलं, "परत कवा खेळायचं?" पुढच्या सुट्टीत वडूजला खेळलो. तिथं आम्ही जिंकलो. मी आमच्या शाळेच्या मागं जाऊन पाहिलं तर त्या दुसऱ्या खांबावर अजून रिंग नव्हती. आमच्याकडची एक जुनी रिंग आम्ही तिथं ठोकून आलो.

मग जत्रा वाढत गेल्या. कुठं कुस्तीच्या आधी, कुठं नंतर. कधी जवानांशी, कधी कॉलेजच्या पोरांशी, पुढं कोल्हापूर-बेळगावकडच्या मुलींच्या संघांशी. खेळाचे पैसे घ्यायचो आणि सगळ्या जणींत सारखे वाटायचो. खेळून पोट भरतो त्याला व्यावसायिक म्हणतात ना? मग आम्ही काय होतो? ताई परत मैदानात उतरली नाही, पण संघ तिनेच घडवला. आज तीच शिकवते, तीच ओरडते. हो, आता ओरडते.

शहरात गेलेला संघ एक मोसम खेळला. मग लीगच बुडाली. आमची गेलेली मैत्रीण परत आली आणि दुसऱ्याच दिवशी सरावाला हजर झाली. तिला कुणी काही विचारलं नाही. तिच्या अंगावर नवा गणवेश होता, पाठीवर नाव असलेला. ताईने कात्री दिली.

काही वर्षांनी शहरातल्या त्या माणसाचा मला फोन आला. लीग नव्याने सुरू करायचं चाललंय, तुमच्या भागात तुमचं नाव आहे, संघ 'घरी आणायचा' विचार आहे. जुनं नावही परत देतो म्हणाला.

मी म्हटलं, "संघ घरीच आहे. आणि विकायचा नाही."

"मग खेळणार कुठल्या नावाने?"

"लीग सुरू तर करा. तेव्हा सांगते."

लीग काही सुरू झाली नाही.

यंदा पहिल्यांदा फलटणमध्ये सामना ठेवला. आमचे जुने मालक आले. आता केस पिकलेत, चालणं मंदावलंय. त्यांच्या माणसांनी आधीच ताईला सांगून ठेवलं होतं, की साहेबांच्या हस्ते संघाचा सत्कार होईल, साहेबांनीच हा संघ उभा केला असे दोन शब्द बोलायचे. टेबलावर हार, शाली, नारळ मांडलेले. ऊन रणरणत होतं आणि मैदानावर नुसता फुफाटा. वॉर्म-अप करणाऱ्या आमच्या पोरी खोकत होत्या. त्यांच्यात व्यापाऱ्याची नातही होती, आता माझ्याहून वेगाने धावणारी.

मालक हार घेऊन पुढं झाले. ताईने हात जोडले आणि हार घेतला नाही.

"मालक, हार ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं पान्याचं टँकर हायती न्हवं?"

"हायती की."

"मग येक मागवा. धूळ लय उडतीया. पोरींनी खेळायचं कसं?"

माईक चालू होता, सगळ्या मैदानाने ते ऐकलं. मालक हातात हार घेऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हे निघून जाणार. त्यांनी हार टेबलावर ठेवला, खिशातून फोन काढला आणि कुणाला तरी म्हणाले, "टँकर पाठव. मैदानावर. आत्ता."

टँकर आला. पाणी मारलं. जमीन वाळेपर्यंत आम्ही मांडवात बसलो, मालकही बसले, आणि कुणीतरी सगळ्यांना चहा दिला. मग शिट्टी झाली आणि आम्ही उतरलो.